फीची सोय ॲडमिशनच्या आधी करायची असते

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये एक शेतकरी मुलाला घेऊन घरी आले. २२ वर्षं एका कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. आता निवृत्त झालो तरी गावात अजून सगळे मला भाऊसाहेबच म्हणतात, आणि फॉर्मचं काही अडलं की लोक येतात. त्या शेतकऱ्यांच्या हातात कॉलेजची पावती होती. "भाऊसाहेब, ॲडमिशन झालं बघा. आता तेवढी ईबीसी बसवून द्या." ईबीसी म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या मुलांना मिळणारी निम्म्या फीची शिष्यवृत्ती.

पावतीवर एका कोपऱ्यात छापलं होतं : संस्थास्तर प्रवेश. म्हणजे कॉलेजनं स्वतः थेट दिलेली जागा.

मुलाला कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत हीच शाखा मिळाली होती, पण कॉलेज लांबच्या जिल्ह्यात होतं. जवळच्या कॉलेजात थेट जागा शिल्लक आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी कॅपची जागा सोडली आणि ही घेतली. दोन्हीकडची फी जवळपास सारखीच होती, त्यामुळे यात काही गमावलं असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं. पण सवलत फक्त कॅपच्या जागेला होती. वर्षाचं शिक्षण शुल्क ९० हजार धरलं तर निम्मे, म्हणजे ४५ हजार, शासन देणार होतं. चार वर्षांचे १ लाख ८० हजार. ते त्या एका सहीबरोबर गेले आणि मला काहीही करता आलं नाही.

म्हणून हे लिहितोय. योजनांच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण कोणती गोष्ट कधी करायची हे सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या टेबलावर मुलं अडकलेली पाहिली ती बहुतेक तिथेच. ॲडमिशन घ्यायचं आणि मग शिष्यवृत्ती शोधायची, असा आपल्याकडचा रिवाज आहे. खरं तर मदत मिळणार की नाही, हे ॲडमिशन घेताना ठरून गेलेलं असतं.

आधी कॅप म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, एमबीए, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांची ॲडमिशनं राज्य सरकारचा सीईटी सेल एका ठिकाणाहून, गुणवत्ता यादी लावून करतो. ती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप. खासगी कॉलेजची फीसुद्धा कॉलेज मनानं ठरवत नाही, शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. जागा गुणवत्तेवर गेली आणि फी ठरलेली आहे, म्हणून शासन त्या फीचा भार उचलायला तयार होतं. व्यवस्थापन कोट्यातल्या आणि संस्थास्तरावरच्या जागांना हे लागू होत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही राज्याची फी सवलत सहसा नसते. नावात 'युनिव्हर्सिटी' आहे, इमारत मोठी आहे, म्हणजे तिथे शिष्यवृत्ती असेलच असं धरून चालू नका. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना प्रत्येक कॉलेजपुढे 'इथे माझी योजना चालते का' एवढं पेन्सिलनं लिहून ठेवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

आता फी. 'फी माफ आहे' असं ऐकलं की घरात वाटतं, सगळंच माफ. तसं नसतं. कॉलेजच्या पावतीवर शिक्षण शुल्क वेगळं असतं, विकास शुल्क वेगळं, परीक्षा शुल्क वेगळं. शिवाय अनामत, लायब्ररी, ओळखपत्र वगैरे किरकोळ रकमा. माफी बहुधा शिक्षण शुल्काला आणि परीक्षा शुल्काला असते. बाकीचं भरावं लागतं. आणि राहण्या-खाण्याचा खर्च तर या पावतीवर नसतोच. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो बरेचदा फीपेक्षा जड जातो. म्हणून कॉलेजकडे फीचा तपशील मागताना 'एकूण किती' एवढंच न विचारता 'शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती' असं विचारा.

कुणाला किती मिळतं? खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोक तिलाच ईबीसी म्हणतात. तिच्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी मुलांनाही पन्नास टक्के. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना शंभर टक्के. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फी माफ. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या अशाच योजना आहेत.

मुलींसाठी २०२४ मध्ये मोठा बदल झाला, आणि तो अजूनही सगळ्या घरांपर्यंत पोचलेला नाही याचं मला फार वाईट वाटतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं. आधी ते पन्नास टक्के होतं. अट तीच : प्रवेश कॅपमधूनच हवा. 'मुलीला बीए करू दे, इंजिनिअरिंगचा खर्च कुठला परवडतो' असं म्हणणारे पालक अजून भेटतात. त्यांना मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडून दाखवतो. पुष्कळदा मुलीचं इंजिनिअरिंग मुलाच्या डिप्लोम्यापेक्षा स्वस्त निघतं.

याशिवाय टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम, नावाची एक वाट आहे. तांत्रिक अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात, की तिथे शिक्षण शुल्क पूर्ण माफ. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, जात कोणतीही चालते. जागा मोजक्या असल्यानं कटऑफ वर जातो, पण ऑप्शन भरायला पैसे पडत नाहीत, तेव्हा भरून ठेवा. एकच लक्षात ठेवा, या जागेवर घेतलेलं कॉलेज किंवा शाखा मग बदलता येत नाही.

आयआयटीत पोचणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. तिथे अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. इतरांमध्ये कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफी मिळते.

आता कागदपत्रांकडे येतो. माझी २२ वर्षं यातच गेली.

सगळ्यात आधी उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदार देतात. त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो. नोकरी असेल तर फॉर्म १६. दाखला कुटुंबाच्या सगळ्या उत्पन्नाचा असतो. वडिलांची शेती आणि आईची अंगणवाडीतली नोकरी असेल तर दोन्ही धरायचं. उत्पन्न कमी दाखवायचा मोह होतो, तो टाळा. पुढे कर्जाला, नॉन क्रिमिलेअरला (मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र), कशालातरी दुसरा आकडा निघतो आणि तेव्हा दोन दाखले एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. अर्ज 'आपले सरकार' या संकेतस्थळावर किंवा महा ई-सेवा केंद्रात करता येतो. जूनमध्ये तिथे रांगा असतात आणि सर्व्हर बसलेला असतो. मार्च संपून नवं आर्थिक वर्ष लागलं, की एप्रिलमध्येच अर्ज करा.

नॉन क्रिमिलेअरच्या प्रमाणपत्रावर खाली तारीख असते, बहुतेक वेळा ३१ मार्चची. ती तारीख उलटून गेलेलं प्रमाणपत्र जुलैमध्ये दाखवायला गेलं तर ते मेलेलं असतं. आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचंही तसंच, ते वर्षावर्षाला नवं काढायचं.

सगळ्यात उशीर जात वैधता प्रमाणपत्राला होतो. जातीचा दाखला वेगळा, वैधता वेगळी. वैधता जात पडताळणी समितीकडून येते, आणि त्यासाठी वडील, आजोबा, पणजोबा यांच्या शाळेच्या नोंदी, जुने महसुली उतारे गोळा करावे लागतात. आजोबा ज्या शाळेत दोन इयत्ता शिकले ती शाळा आता बंद असते, रजिस्टर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलेलं असतं, असे प्रकार नेहमीचेच. याला महिने लागतात. मूल अकरावीत गेलं, की त्याच वर्षी कॉलेजमार्फत प्रस्ताव टाका. घरात वडिलांची किंवा सख्ख्या चुलत्याची वैधता झालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम पुष्कळ सोपं होतं.

शेवटी बँक खातं. ही चूक इतकी बारीक आहे की पैसे न आल्यावरच कळते. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. पासबुकाला आधार दिलं म्हणजे जोडलं गेलं असं नाही. बँकेनं ते राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेत नोंदवावं लागतं, त्याला आधार सीडिंग म्हणतात. आणि अशी नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. मुलानं पुण्यात गेल्यावर मोबाईलवरून दुसरं खातं उघडलं, तिथे संमतीच्या चौकोनात खूण केली, की शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊ लागते. आई गावच्या बँकेत पासबुक भरून भरून थकते, आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, दोन मिनिटांत. अर्ज भरायच्या आधी बघा.

नावातल्या फरकाबद्दल लोक मला हसतात, पण मी हट्ट सोडत नाही. दहावीच्या मार्कलिस्टवर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'ज्ञानेश्र्वर', बँकेत नुसतं 'ज्ञानोबा'. माणसाला तिन्ही एकच कळतात, संगणकाला नाही.

महाडीबीटीवर अर्ज भरला की तो आधी तुमच्या कॉलेजच्या टेबलावर जातो. तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला, मग संबंधित विभागाच्या कार्यालयात. कुठेही चूक निघाली की तो परत तुमच्याकडे येतो, 'सेंड बॅक' म्हणून. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तो तिथेच मरतो, आणि मुलाला वाटत असतं की आपण केव्हाच भरलाय. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा. टेबलावरच्या माणसाशी नीट बोला. तो हजार अर्ज हाताळतो आणि बहुतेकदा एकटाच असतो. त्याच्याशी ओळख ठेवणं म्हणजे वशिला नाही. तुमचा अर्ज अडला तर निरोप यावा, एवढ्यासाठी. दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, पहिल्या वर्षी मिळालं म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही. काही योजनांत फीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती त्यानं कॉलेजात भरायची असते. ते पैसे घरखर्चात गेले की परीक्षेच्या वेळी कॉलेज थकबाकी मागतं. मी हे खूप पाहिलं आहे आणि त्यात मुलाचा दोष क्वचित असतो, घरातली अडचण असते. म्हणूनच आधी सांगून ठेवतो.

राहण्या-खाण्याच्या खर्चासाठी पहिली पायरी सरकारी वसतिगृह. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई, पुणे, ठाणे, नवी मुंबई, नागपूर अशा शहरांत यातून वर्षाला ६० हजारांपर्यंत रक्कम खात्यात येते, लहान गावांत त्याहून कमी. कॉलेज ज्या गावात आहे तिथलाच रहिवासी असेल तर मिळत नाही, जे रास्त आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सातबारा घरात असतो, पण अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून वेगळा काढावा लागतो, तिथे लोक थांबतात.

संस्थांचाही आधार आहे. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींना कमी खर्चात ठेवून घेते. कमवा आणि शिका ही तर आपल्याच मातीतली गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून मुलं काम करून शिकत आली आहेत, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना आजही त्यांच्याच नावानं चालते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीलाही करार होता : शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. मदत घेताना लाजणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो, आणि करार न वाचता सही करणाऱ्यांनाही हीच सांगतो.

केंद्राच्या योजनांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्के मुलांमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीला वर्षाला १२ हजार मिळू शकतात. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींना प्रगती, दिव्यांग विद्यार्थ्यांना सक्षम, अनाथ मुलांना स्वनाथ. या तिन्हींत वर्षाला ५० हजार. मात्र एका वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तेव्हा आधी बेरीज करा, मग अर्ज.

एवढं करूनही जो खड्डा उरतो, त्यासाठी कर्ज. कर्ज शेवटी घ्यायचं, पहिल्यांदा नाही.

शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत; आई किंवा वडील सहकर्जदार असतात. चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. शिक्षण चालू असताना आणि पुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो. आता नीट ऐका : हप्ता नसतो, व्याज मात्र चालू असतं.

समजा दरवर्षी दीड लाख असं चार वर्षांत ६ लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १० टक्के सरळव्याजानं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, दुसऱ्यावर ६०, तिसऱ्यावर ४५, चौथ्यावर ३० हजार. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी कर्ज ६ लाख राहत नाही, ८ लाख १० हजार झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये. तेच व्याज शिकतानाच भरत गेलात, पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० आणि शेवटी ५,०००, तर हप्ता साधारण ७,९०० वर येतो. कमवा-शिकाचे किंवा शिकवणीचे पैसे यात घातले तर नोकरीच्या पहिल्या पगारावर केवढा ताण कमी होतो बघा. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला व्याजदरात एक टक्का सूटही देतात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल, तर हप्ता नसलेल्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर. कॉलेजला मात्र नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांचं मानांकन हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मीही आहे : देशातल्या ठरावीक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर याच काळासाठी व्याजात ३ टक्के सवलत. व्याजाचे हे अनुदान हवं असेल तर कर्ज मंजूर होतानाच उत्पन्नाचा दाखला द्या. नंतर आठवण आली की शाखेतला माणूस बदललेला असतो.

वडिलांचं पीककर्ज थकलं असेल तर बँक बिचकते. ते लपवू नका. जमलं तर बारावीच्या वर्षातच नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं, करून घ्या. आणि नकार दिला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं, की पुष्कळदा नकाराचं 'दोन कागद अजून आणा' होतं.

एक धोका सांगायलाच हवा. 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रोसेसिंगचे दोन हजार पाठवा' असे फोन निकालानंतर येऊ लागतात. पैसे देऊन मिळणारी शिष्यवृत्ती मी आयुष्यात पाहिलेली नाही. ओटीपी कुणालाही देऊ नका.

त्या शेतकऱ्यांची मुलगी या वर्षी बारावीला आहे. डिसेंबरमध्येच दोघं बापलेक आले, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद. उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख, आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राला लागणारे कागद, आधारवरचं नाव, एकेक ओळ मी बोट ठेवून वाचली. सगळं जुळत होतं. मग तिच्या मोबाईलवर बँक सीडिंग बघितलं, तर आधार कोणत्याच खात्याला जोडलेलं नव्हतं. चहा तसाच ठेवून ते दोघे बँकेत गेले, कारण चार वाजता काउंटर बंद होतो.